सोनेरी फ्रेंच खुर्ची उलटी करून कशी वाचावी

अठराव्या शतकातली म्हणून मांडलेली सोनेरी फ्रेंच खुर्ची समोर आली की बहुतेकांची नजर आधी सोन्यावर जाते, मग नक्षीवर आणि शेवटी कापडावर. तपासायला हा क्रम बरोबर उलटा हवा. कापड दर पिढीत बदलतं, सोनं पुन्हा चढवता येतं, तुटलेली नक्षी नव्याने कोरून बसवता येते. अडीचशे वर्षांत सगळ्यात कमी हात फिरलेली जागा म्हणजे बैठकीखालची लाकडी चौकट. तिला सजवायला कुणी जात नाही, त्यामुळे ती सहसा खोटं बोलत नाही. सहसा म्हटलं, कारण बोलायला लावणारे महाभागही आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊच.

पॅरिस-लंडनच्या लिलावांकडे लक्ष ठेवणारे, संग्रहालयात खुर्चीसमोर पाच मिनिटं थांबणारे, किंवा मुंबईच्या चोर बाजारात 'फ्रेंच आहे साहेब, लुईची' असं ऐकून थबकणारे, अशा सगळ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. ग्वाल्हेरचा जयविलास किंवा इंदूरचा लालबाग राजवाडा पाहिलेल्यांना हा घाट ओळखीचा वाटेल. तसा तो लग्नाच्या स्टेजवरच्या सोनेरी सोफ्यामुळे सगळ्यांच्याच ओळखीचा आहे. त्या सोफ्याची वंशावळ तीन-चार नकलांमधून का होईना, पण फ्रेंच राजांच्या व्हर्सायच्या राजवाड्यापर्यंत पोचते.

एक खुर्ची, चार कारखाने

तपासणीआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. 'अमुक कारागिराने केलेली खुर्ची' असं आपण म्हणतो, पण पॅरिसमध्ये एकटा माणूस अशी खुर्ची करतच नसे. कारागिरांच्या संघाचे नियम कडक होते. भरीव लाकडाचं काम करणारा तो मेन्युझिए, म्हणजे खुर्चीचा सुतार. कपाटं-टेबलांवर लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवून चित्रं साधणारा तो एबेनिस्त. खुर्चीचा सांगाडा सुताराचा, नक्षी कोरणाऱ्याची, सोनं वर्ख चढवणाऱ्याचं, गादी आणि कापड तापिसिएचं. सुतार सांगाडा करताना फुलं-पानं येणार असतील तिथे लाकडाचा जादा उंचवटा सोडायचा आणि मग तो सांगाडा पुढच्या कारखान्यात जायचा. क्लेरी रस्ता आणि त्याच्या आसपास या सुतारांची दाट वस्ती होती.

राजाचं काम असलं की या साखळीच्या डोक्यावर आणखी एक खातं यायचं: गार्द-मब्ल, म्हणजे राजघराण्याचं सामानखातं. चौदाव्या लुईच्या काळात, 1663 मध्ये, त्याची घडी बसली. कोणती वस्तू कुणी पुरवली, कोणत्या वाड्यात कोणत्या दालनात गेली, तिच्यावर कापड कोणतं, लांबी-रुंदी किती, हे सगळं तिथे वहीत चढवलं जाई. मोठ्या कामाआधी मेणाचा छोटा नमुना करून तो मंजूर करून घेण्याचीही पद्धत होती.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली एक बेर्जेर, म्हणजे बंद बाजूंची ऐसपैस खुर्ची, या पद्धतीचा चांगला नमुना आहे. 1788 मध्ये मारी आंत्वानेत, म्हणजे सोळाव्या लुईची राणी, हिच्या सँ-क्लूच्या वाड्यासाठी ती घडली. सांगाडा झाँ-बाप्तिस्त-क्लोद सने याचा, रंग आणि सोनं लुई-फ्रांस्वा शातार याचं. संग्रहालयाच्या पाटीवर दोघांची नावं आहेत. बाजारात मात्र बहुतेक वेळा एकट्या सुताराचं नाव उरतं, कारण ठसा फक्त त्याचा असतो. वर्ख चढवणाऱ्यावर हा अन्यायच, कारण डोळ्यांत भरतं ते त्याचं काम.

पहिली पायरी: खुर्ची पालथी घाला

खुर्ची हातांना किंवा पाठीच्या वरच्या पट्टीला धरून कधीही उचलू नका. जुने सांधे आणि नक्षी दोन्ही तिथेच निखळतात. बैठकीची चौकट दोन्ही बाजूंनी धरा आणि खुर्ची जाड घोंगडीवर टेकवा. वस्तू तुमची नसेल तर मालकाला किंवा लिलावघराला उलटून दाखवायला सांगा. चांगला विक्रेता आनंदाने दाखवतो. टाळाटाळ झाली की कुठेतरी पाणी मुरतंय असं समजावं.

हातात छोटी विजेरी घ्या आणि प्रकाश लाकडावर आडवा पाडा. सरळ प्रकाशात काहीच दिसत नाही.

आधी लाकूड. सोनं चढवायच्या किंवा रंगवायच्या खुर्च्यांना पॅरिसमध्ये प्रामुख्याने बीच वापरलं जाई, त्याखालोखाल अक्रोड. बीच स्वस्त, एकसारख्या पोताचं, नक्षीला बरं, पण किडीला फार आवडतं. त्यामुळे किडीची भोकं असणं अगदी स्वाभाविक आहे. ती कशी आहेत हे पाहायचं. कीड लाकडाच्या आत वेडेवाकडे बोगदे पाडत फिरते आणि बाहेर पडताना पृष्ठभागाला गोल, टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडते. म्हणून पृष्ठभागावर भोकं दिसायला हवीत. लांबच लांब उघडी नाळ दिसली तर तिथलं लाकूड किडीनंतर कापलं आहे. म्हणजे एक तर दुरुस्ती किंवा फेरफार झाला, नाही तर जुन्या, किडक्या लाकडातून नवी खुर्ची उभी केली.

मग करवतीच्या खुणा. हातकरवतीच्या रेषा साधारण सरळ, पण अंतर कमी-जास्त आणि कल जरा बदलता. गोल कंसासारख्या एकसारख्या रेषा म्हणजे यंत्राची चकतीकरवत, आणि ती एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. चौकटीच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. पटाशीचे आणि रंध्याचे चढउतार हाताला लागायला हवेत. अठराव्या शतकातला सुतार दिसणारी बाजू जिवापाड सांभाळायचा, पण न दिसणाऱ्या बाजूवर वेळ घालवत नसे. आतून-बाहेरून सगळीकडे गुळगुळीत खुर्ची मला तरी संशयास्पद वाटते.

त्यानंतर सांधे, आणि इथे घाई करू नका. एका पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ दुसऱ्या पट्टीच्या खाचेत बसवायची आणि आरपार लाकडी मेख ठोकायची, ही या खुर्च्यांची मूळ जोडणी. भरवसा सरसापेक्षा मेखेवर. या मेखा हाताने तासलेल्या असतात, म्हणून त्या पूर्ण गोल नसतात. काहीशा चौकोनी, कोनाकोनाच्या दिसतात. लाकूड वर्षानुवर्षं आडवं आकसतं, मेख लांबीत आकसत नाही. त्यामुळे जुन्या खुर्चीत मेखेचं डोकं पृष्ठभागाच्या किंचित वर आलेलं असतं. डोळ्याला दिसलं नाही तरी नखाला जाणवतं. अगदी गोल, सपाट, एकसारख्या मेखा दिसल्या तर त्या यंत्रावर काढलेल्या आहेत. एखादी तशी असेल तर दुरुस्ती, सगळ्याच तशा असतील तर खुर्ची उशिराची.

मागच्या पायांकडेही पाहा. मागचा पाय आणि पाठीचा उभा खांब एकाच अखंड लाकडातून निघालेला असतो. मधे जोड दिसला तर पाय तुटून नवा बसवलेला असतो. पायांच्या टोकांना ओल लागून ते कुजतात आणि मग कापले जातात; म्हणून बैठक विचित्र बुटकी वाटली तर खालची नक्षी अर्धवट तुटलीय का ते पाहा.

दुसरी पायरी: ठसे आणि खुणा

पॅरिसच्या संघाने 1743 च्या नियमांत कारागिराला आपल्या नावाचा ठसा मारणं बंधनकारक केलं. लोखंडी ठसा हातोडीने लाकडात ठोकत. तो बहुधा चौकटीच्या खालच्या किंवा आतल्या बाजूला सापडतो. जवळच कधी 'जेएमई' ही रोमन अक्षरं असतात. ती संघाच्या तपासनिसांनी माल पास केल्याची खूण. क्रांतीच्या धामधुमीत 1791 मध्ये संघच बरखास्त झाले आणि ही सक्ती संपली.

ठशाबाबत चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, खरा ठसा ठोकलेला असतो, त्यामुळे अक्षरांच्या तळाशी लाकडाचे धागे दबलेले दिसतात. कोरलेला किंवा डागलेला ठसा वेगळा दिसतो. दुसरी, ठसा नसणं म्हणजे नक्कल नव्हे. राजाचे खास कारागीर आणि सँ-आंत्वान उपनगरातले मुक्त कारागीर संघाच्या कक्षेबाहेर होते. तिसरी, ठशाने घराणं कळतं, माणूस कळेलच असं नाही. झाँ-बाप्तिस्त तीयार बाप-लेक एकच ठसा वापरत. चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, ठसा हा खुर्चीतला सगळ्यात सोपा खोटेपणा आहे. लोखंडाचा तुकडा घडवायला कितीसा वेळ लागतो?

राजघराण्याच्या खुणा याहून मोलाच्या. मुकुटाखाली एकमेकांत अडकलेले दोन 'व्ही' म्हणजे व्हर्साय. 'सीटी' म्हणजे व्हर्सायच्याच आवारातला त्रियानोंचा वाडा; त्याभोवती राणीच्या सामानखात्याचं नाव गोलात दिसू शकतं. शिवाय काळ्या रंगाने रंगवलेले नोंदणी क्रमांक आणि चिकटवलेल्या कागदी चिठ्ठ्या. नोंदणी क्रमांक सापडला तर खरी मजा सुरू होते, कारण गार्द-मब्लच्या वह्या पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहेत. तिथली मापं फूट आणि इंचात असतात, पण फ्रेंच राजाच्या फुटात: एक फूट सुमारे 32.5 सेंटीमीटर, एक इंच सुमारे 2.7 सेंटीमीटर. तुमच्या खुर्चीची उंची-रुंदी-खोली मोजा, या हिशेबाने बदला आणि नोंदीशी ताडा. इंग्रजी इंच वापरलेत तर सगळा हिशेब कोलमडेल.

राजवाड्यातली खुर्ची खासगी घरात कशी, असा प्रश्न पडतो. ऑगस्ट 1793 ते ऑगस्ट 1794 या काळात क्रांतिकारी सरकारने व्हर्सायचं सामान लिलावात काढलं. 17,182 लॉट विकले गेले. तेव्हापासून ही फर्निचरं जगभर विखुरली आहेत, आणि 'हरवलेला संच सापडला' या गोष्टीला आजही गिऱ्हाईक आहे.

त्या गोष्टीवर खुद्द व्हर्सायही भाळलं. पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द्यू बारी हिच्यासाठी लुई दलानुआ या सुताराने केलेल्या संचातल्या म्हणून काही खुर्च्या व्हर्सायने विकत घेतल्या. मारी आंत्वानेतच्या त्रियानोंमधल्या बेल्व्हेदेर या बागेतल्या मंडपाच्या म्हणून सांगितलेल्या दोन खुर्च्यांना तर 2013 मध्ये राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. सगळा बनाव होता. या खुर्च्यांवरचा फ्रान्सातला सर्वांत नावाजलेला अभ्यासक आणि पॅरिसमधला एक निष्णात नक्षीकार यांनी मिळून तो रचला होता. 2016 मध्ये प्रकरण उघडकीस आलं आणि जून 2025 मध्ये पाँत्वाझच्या न्यायालयाने दोघांना दोषी ठरवलं. जुनं लाकूड, हातची अवजारं, योग्य ठसे, योग्य चिठ्ठ्या, सगळं होतं. संशय आलेल्या एका जाणकाराने लाकडाला चक्क जीभ लावली आणि त्याला ज्येष्ठमधाची चव लागली. लाकडाला जुनाट काळपटपणा आणायला ते वापरलं होतं. तुम्ही खुर्ची चाटावी असं माझं म्हणणं नाही. पण चौकटीच्या आत सगळीकडे एकाच छटेचा तपकिरी थर दिसला तर तो काळाने आलेला नसतो. हवा, धूळ आणि हात वेगवेगळ्या जागी वेगवेगळे पोचतात, त्यामुळे खरा जुनेपणा नेहमी असमान असतो.

तिसरी पायरी: घाट आणि काळ

हे भराभर उरकू, कारण चित्रं पाहूनच ते डोळ्यांत बसतं. चौदाव्या लुईच्या काळातली खुर्ची उंच पाठीची, पायांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेली. अठराव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत त्या पट्ट्या गळाल्या आणि हातांचे खांब पुढच्या पायांवरून मागे सरकले. बायकांच्या घेरदार, आतून फुगवलेल्या घागऱ्यांना जागा हवी होती. पंधराव्या लुईच्या काळात सरळ रेषाच संपली: वळणदार पाय, लहरती चौकट. सोळाव्या लुईच्या काळात पाय पुन्हा सरळ, खाली निमुळते, उभ्या खोबणींचे, आणि पाय चौकटीला मिळतो तिथे फूल कोरलेला चौकोनी ठोकळा.

पाठ सपाट असेल तर ती 'आ ला रेन', आत वळलेली असेल तर 'काब्रिओले'. सपाट पाठीच्या मोठ्या खुर्च्या भिंतीला टेकून कायमच्या मांडलेल्या असत. त्यांची मागची बाजू कुणी पाहत नसे, म्हणून ती बरेचदा नक्षीविना सोडलेली असते. दरबारात कोण खुर्चीवर आणि कोण बिनपाठीच्या स्टुलावर याचेही नियम होते. राणीसमोर स्टुलावर बसायला मिळणं हा डचेसचा मान होता, बाकीच्या उभ्या.

चौथी पायरी: आता सोनं पाहा

पाण्यावरची सोनेरी, म्हणजे पाणी मारून वर्ख चढवायची पद्धत, हे लाकडावर सोनं लावणं नव्हेच. लाकडावर खडूची दुसरी कातडी चढवून तिच्यावर सोनं लावणं. आधी लाकडाला गरम सरस पाजायचा. मग पांढरा खडू आणि सरस यांच्या लेपाचे आठ-दहा, कधी त्याहून जास्त थर, एक वाळला की दुसरा. इतक्या थरांनी नक्षी बुजते. मग तो लेप ओला करून घासायचा, गुळगुळीत करायचा आणि बारीक आकड्यांसारख्या लोखंडी अवजारांनी त्यातच नक्षी पुन्हा कोरायची. पानाच्या शिरा, पाकळ्यांच्या कडा, पार्श्वभूमीवरची जाळी हे सगळं या टप्प्यावर लेपात उमटतं, लाकडात नाही. म्हणजे ज्या तीक्ष्ण रेषांचं आपण नक्षीकाराला श्रेय देतो, त्यातल्या बऱ्याच वर्ख चढवणाऱ्याच्या कारखान्यातल्या असतात.

त्यावर पिवळा हात द्यायचा, म्हणजे खोल खाचेत वर्ख पोचला नाही तरी पांढरं दिसत नाही. मग उंच भागांवर अतिबारीक तांबडी माती सरसात कालवून लावायची, पाणी मारून वर्ख ठेवायचा आणि अकीक दगडाने घोटायचा. घोटलेला भाग आरशासारखा चमकतो, शेजारचा न घोटलेला भाग मऊ, मंद राहतो. चकाकी आणि मंदपणाची ही आखणी हीच खरी कारागिरी. तेलावर लावलेलं सोनं घोटता येत नाही, म्हणून ते सगळीकडे एकसारखंच दिसतं.

तपासताना आता हे शोधा. वर्खाचे तुकडे एकमेकांवर चढतात तिथे फिकट रेषा दिसतात. रेषाच नसतील तर बहुधा सोनेरी रंग आहे. असा रंग पितळेच्या भुकटीचा असतो आणि काही वर्षांत तो तपकिरी-हिरवट पडतो. झीज कुठे आहे? हाताच्या टोकांवर, पाठीच्या वरच्या कडेला, पुढच्या पायांवर तांबडी माती डोकावत असेल तर ठीक. कुणाचाही हात लागणार नाही अशा कोनाड्यातही तितकीच झीज असेल तर ती मुद्दाम घासलेली आहे. आणि पानांच्या शिरा भरून आल्यासारख्या, मेणचट दिसल्या तर एकावर एक दोन-तीन सोनेऱ्या चढल्या आहेत. कदाचित खाली मूळची शाबूत असेल. ती शोधायची भिंगाखाली, शस्त्रक्रियेच्या सुरीने, तसू-तसू जागेत, आणि ते काम जाणकार संवर्धकाचंच. विसाव्या शतकात अशा कित्येक खुर्च्यांचं सोनं आणि लेप तासून 'नैसर्गिक लाकूड' उघडं केलं गेलं. त्या खुर्च्या बोथट दिसतात त्याचं कारण हेच. त्या फॅशनइतकं नुकसान किडीनेही केलं नसेल.

गादी आणि कापड

कापड मूळचं असण्याची शक्यता फार कमी, म्हणून किंमत त्यावर ठरवू नका. खाली डोकावता आलं तर खाटेच्या नवारीसारखे तागाचे पट्टे आणि वर घोड्याचे केस असायला हवेत. स्प्रिंगा दिसल्या तर गादी एकोणिसाव्या शतकातली किंवा नंतरची. सांगाडा तरीही जुना असू शकतो. चौकटीवरची खिळ्यांची भोकं मात्र मोलाची. जुन्या खुर्चीत त्यांची दाटी असते. जुन्या म्हणवणाऱ्या लाकडावर एकच सुबक रांग दिसली तर विचारा, की मग अडीचशे वर्षं या खुर्चीवर काय होतं? श्रीमंत घरांतल्या काही खुर्च्यांची बैठक आणि पाठ सुट्या चौकटींवर मढवलेली असे, म्हणजे उन्हाळ्याचं रेशीम काढून हिवाळ्याचं मखमल बसवता येई. तशा खुर्चीत मुख्य लाकडावर भोकं नसणं बरोबरच आहे.

घेताना, आणि घेतल्यावर

लेखी पावतीवर शब्द नीट वाचा. 'सोळाव्या लुईच्या काळातली' आणि 'सोळाव्या लुईच्या शैलीतली' यांत शंभर वर्षांचं आणि किमतीत कितीतरी पटींचं अंतर आहे. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः तिसऱ्या नेपोलियनची सम्राज्ञी युजेनी हिच्या काळात, मारी आंत्वानेतची शैली पुन्हा चलनात आली आणि उत्तम नकला झाल्या. त्या फसवणूक नव्हेत. त्यांच्या भावात घेतल्या तर घरात वापरायला त्याच शहाणपणाच्या. आधीचे मालक, जुन्या लिलावांचे क्रमांक, दुरुस्तीचा अहवाल हे सगळं पावतीसोबत मागून घ्या. फ्रान्समधून ठरावीक वय आणि किमतीवरची वस्तू न्यायची तर सांस्कृतिक वस्तूचं प्रमाणपत्र लागतं, आणि राष्ट्रीय ठेवा ठरवून सरकार ते तीस महिन्यांपर्यंत रोखू शकतं. भारतातली शंभर वर्षांवरची खुर्ची परदेशी मुलाकडे पाठवायचा विचार असेल तर 1972 चा पुरावस्तू कायदा आड येऊ शकतो. आधी पुरातत्त्व खात्याकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो का ते पाहा, मग पॅकिंगवाल्याला बोलवा.

घरी आणल्यावर पाण्याचा थेंबही सोन्याजवळ नको. खाली सरस आहे, तो पाण्याने सुटतो. ओलं फडकं फिरवलं की फडक्यावर आधी सोनं येतं, मग तांबडी माती. ब्रासो, लिंबू, चिंच, फर्निचरचं पॉलिश यांतलं काहीही लावू नका. मऊ, कोरडा, रुंद ब्रश वरून खाली हलक्या हाताने, बस. लेप उचलला गेलाय असं वाटलं तर त्या जागेला ब्रशही लावू नका.

मुंबई-कोकणच्या हवेत घोडं पेंड खातं ते ओलाव्यापाशी. आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास टिकली तर उत्तम, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती झपाट्याने खाली-वर होऊ नये. पावसाळ्यात दिवसा एसी आणि रात्री उघडी खिडकी हा खेळ लाकडाला फुगवतो-आकसवतो, आणि वरचा खडूचा लेप ताणला जाऊन तडकतो. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, एसीच्या झोताखाली ठेवू नका, उन्हाची तिरीप रेशमावर येऊ देऊ नका. पावसाळा सुरू होताना आणि संपताना पायांखाली पांढरा कागद अंथरून आठवडाभर ठेवा. कागदावर बारीक पिवळसर भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. त्या दिवसापासून खुर्ची दुसऱ्या लाकडी सामानापासून लांब ठेवा आणि संवर्धकाला फोन करा. घरगुती कीटकनाशकाचा फवारा मारू नका, कारण त्यातला द्रव सोन्याखालच्या लेपाला लागतो.